‘नाही’ हेसुद्धा लिहायचं असतं

आजचा विषय जरा कागदी वाटेल, पण ऐकाच.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांसह सुरू झाली. गाडीत ड्रायव्हरबरोबर डॉक्टर असणार, अशी रचना. हा डॉक्टर वाटेत रुग्णाची नोंद लिहितो. आपल्याला वाटतं, काय होतंय तेवढं लिहिलं की झालं. पण काय होत नाहीये, हेही लिहावं लागतं. म्हणजे वाट्टेल ते नाही हं, त्या तक्रारीशी ज्याचा संबंध आहे तेवढंच.

समजा, शाहूवाडीतल्या एखाद्या वस्तीवरून पहाटे फोन आला. झोपेत काहीतरी चावलंय. सूज नाही, फारसं दुखतही नाही. घरचे म्हणतात, “काय नाय झालं, उगं घाबरलाय.” आता गंमत बघा, मण्यार चावली तर असंच असू शकतं. कधीकधी दाताची खूणसुद्धा सापडत नाही. त्यामुळं इथं ‘सूज नाही’ वाचून निवांत व्हायचं नसतं.

डॉक्टर लिहितो : ५.१० वाजता पापण्या जड नाहीत, गिळायला त्रास नाही, श्वास नीट, हिरड्यांतून रक्त नाही. गाडी ६.२० ला सीपीआर हॉस्पिटलला पोचते, तेव्हा पापण्या अर्ध्या मिटलेल्या. तिथल्या डॉक्टरला लगेच कळतं की विष तासाभरात चढलंय. मग सर्पविषाची लस आणि व्हेंटिलेटरची तयारी, दोन्हीला वेग येतो. तीच जागा रिकामी असती तर? पापण्या आधीच जड होत्या, की कुणी बघितलंच नव्हतं? रिकाम्या जागेचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही, भावांनो.

न तपासता सगळीकडं ‘नॉर्मल’ लिहिणं तर माझ्या मते रिकाम्या जागेपेक्षा वाईट. पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो ना!

अजून एक. बाईकवरून पडलेला पोरगा म्हणतो, “शुद्ध गेली नव्हती.” अहो, गेली असेल तर त्याला कसं कळणार? म्हणून ‘रुग्ण नाही म्हणतो’ आणि ‘बघणाऱ्यानं नाही सांगितलं’ हे वेगवेगळं लिहितात. बघणारा कुणी नसेल तर ‘माहिती मिळाली नाही’.

तुम्ही सोबत असाल आणि डॉक्टरनं विचारलं, “उलटी झाली का?”, तर तेव्हा तिथं नसाल तर सरळ “मी नव्हतो” म्हणा. आणि १०८ ला फोन कधी लावला ते कॉल लॉगमध्ये दिसतंच, त्याआधी किती वेळ गेला होता तेवढं आठवून सांगा.