१५० ग्रॅमचा पहिलवान

घर झाडण्याचे यंत्र करू जावे आणि आखाडा उभा राहावा, अशी गंमत अमेरिकेत घडली! १९९२ मध्ये मार्क थॉर्प हे गृहस्थ रेडिओवर चालणाऱ्या झाडणयंत्राच्या खटपटीत होते. त्यातूनच १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबोट वॉर्स' ही यंत्रांची दंगल भरली.

ब्रिटनमध्ये या खेळाचा एक चिमुकला गट आहे. त्यात यंत्राचे वजन १५० ग्रॅमच्या आत हवे आणि लढतीपूर्वी ते चार इंची चौकोनी डब्यात मावले पाहिजे. हे वजन म्हणजे मध्यमवर्गीयाचा पगारच! मोटारी, बॅटरी, चाके, कवच, शस्त्र, साऱ्यांचे त्यातच भागवायचे.

नवशिक्याला मोह पडतो शस्त्राचा. फिरत्या पात्याचा वेग दुप्पट केला की त्यातली ऊर्जा चौपट होते ना! पण टोल्याचा हिसका स्वतःच्या सांगाड्यालाही बसतो. एखादी तार निसटली की पहिलवान जागीच थिजतो. आणि थिजला तो हरला! म्हणून जाणकार आधी चाके भक्कम करतात, मग कवच. शस्त्र उरल्या वजनात.

लिथियमची बॅटरी चेपली वा भोसकली गेली तर पेट घेऊ शकते. तिला मधोमध जपून ठेवावे आणि यंत्र आखाड्यात उतरेपर्यंत पात्याची खीळ काढू नये.

महिन्यांची मेहनत दोन-तीन मिनिटांत मोडते, हे खरे. पण ती नेमकी कुठे मोडली, हे ज्याने नीट पाहिले, त्याचा पुढचा पहिलवान तिथे मोडत नाही!