गिऱ्हाईकाचा खोडवा

अंबाबाईचं दर्शन घेऊन पुण्या-मुंबईचं कुटुंब महाद्वारातून बाहेर पडतं, चप्पल लाइनीत शिरतं, थोडी घासाघीस करून दोन जोड घेतं, जाता जाता चटणीचा पुडा आणि गुळाची ढेप पिशवीत टाकतं आणि गाडीत बसून निघून जातं. यूपीआयने पैसे आले, नाव पडद्यावर क्षणभर दिसलं, व्यवहार संपला. वर्षा-दोन वर्षांनी चप्पल झिजते. तेव्हा हेच कुटुंब मोबाइलवर ‘कोल्हापुरी’ असं टाकतं आणि जे वर दिसेल ते मागवतं. ती चप्पल कोल्हापुरातली असतेच असं नाही. ज्याने पहिला जोड विकला, त्याला ही गरज कळत नाही, कारण त्या घरापर्यंत पोचायला त्याच्याजवळ काहीच नसतं.

उसाच्या या जिल्ह्याला हे गणित समजावून सांगायला नको. लागणीला नांगरट, बेणं, मजुरी असा सगळा खर्च येतो. तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्याला त्यातला बराच वाचतो. मात्र बुडखे छाटावे लागतात, नांग्या भराव्या लागतात. नवं गिऱ्हाईक म्हणजे लागण आणि परत येणारं म्हणजे खोडवा. ऑनलाइन विक्री करणारे बहुतेक जण मात्र दर हंगामाला जाहिरातीचे पैसे भरून नव्याने लागणच करत बसतात. ईमेलच्या वर्गणीदारांची यादी ही खोडवा राखायची एक जुनी, स्वस्त आणि अजूनही चालणारी रीत आहे.

किर्लोस्करवाडीची खबर

ही कल्पना परदेशातून इंटरनेटबरोबर आली असं वाटत असेल, तर कोल्हापूरहून मिरजमार्गे पुण्याला जाणाऱ्या रेल्वेत बसावं. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसवलेल्या या कारखान्यात लोखंडी नांगर बनत. कारखान्याचं गृहपत्र म्हणून शंकरराव किर्लोस्करांनी जानेवारी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नांगर विकणाऱ्या कारखान्याने छापील पत्र काढावं, हीच त्या काळात नवलाई होती. पण त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. पत्र मालाच्या माहितीपुरतं राहिलं नाही. त्यात उद्योग, समाज, विज्ञान, साहित्य असे विषय आले, ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं आणि मराठीतलं एक नामांकित मासिक झालं. 1930 मध्ये त्याला ‘स्त्री’ची आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ची जोड मिळाली. वाचकाला त्याच्या उपयोगाचं काही सतत दिलं, तर तो विक्रेत्याचं पत्रही वाट बघून वाचतो, हे शंकररावांनी शंभर वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलं आहे.

याच्या नेमकं उलट उदाहरण अमेरिकेतलं. मे 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात धाडली. पत्ते कुठून आणले? अर्पानेटच्या छापील निर्देशिकेतून. त्यांपैकी कुणालाही विचारलं नव्हतं. यंत्रं विकली गेली, पण तक्रारीही आल्या आणि थर्क यांना पुन्हा असं न करण्याची तंबी मिळाली. नकोशा जाहिरात-ईमेलच्या इतिहासाची सुरुवात याच प्रसंगापासून सांगतात. दोन्हीकडे पत्त्यांची यादीच होती. एकीकडे वाचकाची राजीखुशी होती, दुसरीकडे नव्हती.

अनुयायी आपले नसतात

‘इन्स्टावर वीस हजार लोक आहेत की!’ असं यावर हमखास ऐकू येतं. ते लोक आहेत, पण त्यांच्यापर्यंत आपली पोस्ट पोचवायची की नाही हे कंपनी ठरवते. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा गावोगावच्या मराठी कलाकारांचे लाखो अनुयायी एका आदेशाने हातचे गेले. त्यांतल्या कुणाचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही मिळून सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा त्यांच्यावरच चालणाऱ्या दुकानांचं शटरही तेवढा वेळ खाली आलं.

व्हॉट्सअॅप आपल्याकडे घरोघरी आहे आणि स्थानिक गिऱ्हाइकाला तेच सोयीचं, यात वाद नाही. पण साध्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. त्यापुढे जायचं तर व्यावसायिक प्रणालीतून दर जाहिरात-संदेशामागे पैसे मोजावे लागतात. ईमेलचं तसं नाही. पत्त्यांची यादी एका फाइलीत उतरवून घेता येते. उद्या पाठवणारी सेवा महागली, तर मेलचिंपवरची यादी झोहोवर नेता येते, वर्गणीदाराला त्याची गंधवार्ताही लागत नाही.

शिवाय कोल्हापूरच्या मालाचं गिऱ्हाईक कोण, हेही पाहायला हवं. अमेरिका-इंग्लंडमधली मराठी कुटुंबं, दिवाळीला भेटी वाटणाऱ्या कंपन्या, हस्तकलेची दुकानं चालवणारे लोक दिवसातून दहा वेळा ईमेल उघडतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांचा तर सगळा पत्रव्यवहारच त्यावर चालतो.

पत्ता मागायचा कसा

गल्ल्यावर वही ठेवून ‘ईमेल लिहा’ म्हटलं की दोन गोष्टी होतात. घाईतलं अक्षर लागत नाही आणि लिहिणाऱ्याला आपण कशाला हो म्हणतोय हे कळत नाही. त्यापेक्षा पैशांच्या क्यूआर कोडशेजारी दुसरा कोड लावावा. तो उघडला की नाव आणि ईमेल एवढेच दोन रकाने. खाली एक ओळ: काय येणार आणि वर्षातून किती वेळा. पत्ता भरला की लगेच पडताळणीचं पत्र जातं आणि त्यातल्या दुव्यावर क्लिक केल्यावरच नाव यादीत चढतं. या दुसऱ्या पायरीवर काही जण गळतात, ते गळू द्यावेत. चुकीचे पत्ते, गमतीने टाकलेले पत्ते आणि अर्ध्या मनाचे लोक इथेच वेगळे होतात.

पत्ता देण्याला कारणही हवं. ‘दहा टक्के सूट’ हे सगळ्यांत आळशी कारण, कारण सूट घेऊन माणूस निघून जातो. चप्पलवाल्याकडे याहून चांगलं आहे: ‘तुमच्या पायाचं माप आमच्याकडे नोंदवून ठेवू, पुढच्या वेळी घरबसल्या मागवा.’ कातडं वापराने सैल पडतं, म्हणून कोल्हापुरीचं माप ऑनलाइन घेताना लोक बिचकतात. ही अडचण सोडवणारा दुकानदार पत्ता मागतो, तेव्हा तो उपकार मागत नसतो.

खरेदीनंतर दोन दिवसांनी जाणारं पहिलं पत्र साधारण असं असावं:

‘नमस्कार. परवा आपण आमच्याकडून कापशी जोड नेलात. पहिले आठ दिवस रोज थोडा वेळ घरातच घाला, कातडं पायाला जुळवून घेईल. भिजली तर उन्हात ठेवू नका, सावलीत वाळू द्या. शिवण उसवली तर याच पत्राला उत्तर लिहा, वाचायला माणूस आहे. आम्ही वर्षातून पाच-सहा वेळाच लिहितो. नको असेल तर खाली एका क्लिकवर नाव कमी होईल.’

यात विकण्यासारखं काही नाही, आणि नेमकं म्हणूनच पुढचं पत्र उघडलं जातं.

कोल्हापूरचं पंचांग

‘दर मंगळवारी पत्र पाठवा’ असे बाहेरचे सल्ले इथे फारसे कामाचे नाहीत. इथल्या मालाला स्वतःचा हंगाम आहे. वर्षाची चटणी उन्हाळ्यात कुटली जाते, म्हणून मसाल्याचं पत्र मिरच्या वाळत असतानाच जायला हवं. चप्पल पावसाळ्यात कशी ठेवावी हे मेअखेरीस सांगावं, जुलैत सांगून उपयोग नाही. गुजरी या सराफ बाजारातल्या साज-ठुशीचं पत्र नवरात्राच्या आधी. गुऱ्हाळं पेटली की गुळाचं. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला जागा दिली, कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे परगावच्या गिऱ्हाइकाला कुणी सांगितलेलंच नसतं. गूळ पिवळाधमक का नसावा, काळसर का चालतो, हे सांगणारं पत्र विक्रीच्या दहा पत्रांना भारी पडतं.

कधी प्रसंगच चालून येतो. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि जगभर गदारोळ झाला. त्या आठवड्यात ज्याच्याकडे यादी होती, त्याला जाहिरातीची गरज नव्हती. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे येतात, खरी चप्पल कशी ओळखावी, एवढं लिहून पाठवलं तरी ते पत्र घरोघरी पुढे गेलं असतं.

पत्र पोचतं का?

इथून थोडी तांत्रिक वाट आहे, पण ती टाळता येत नाही. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला 500 जणांपलीकडे पाठवता येत नाही. त्यात अनेक जण सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकतात, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला बाकी सगळ्यांचे पत्ते आयते मिळतात. दुकानाच्या नावाचं स्वतःचं डोमेन घ्यावं आणि पत्रं पाठवणाऱ्या सेवेमार्फतच धाडावीत.

फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. पत्र खरोखर त्याच डोमेनवरून आलं आहे याची खातरजमा करणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी आहेत. डोमेन विकणाऱ्याच्या पानावर त्या एकदा भराव्या लागतात. दिवसाला पाच हजारांवर पत्रं जीमेलला धाडणाऱ्याला तिन्ही सक्तीच्या आहेत आणि एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोयही. ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली हव्यात, म्हणजे हजार पत्रांमागे तीनसुद्धा होऊ द्यायच्या नाहीत. विकत घेतलेल्या यादीवर पत्रं पाठवली की ही मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडली जाते. मग खऱ्या वर्गणीदारांची पत्रंही स्पॅममध्ये पडू लागतात.

मराठीचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. प्रेसवाल्याकडून आलेला श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला अगम्य चिन्हं दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा. युनिकोडमध्येही देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, रोमनला एक. आणि सुमारे 102 किलोबाइटच्या पुढचं पत्र जीमेल मध्येच कापतं. कापला जातो तो तळ, जिथे नाव कमी करण्याचा दुवा असतो. तो सापडला नाही की वैतागलेला माणूस ‘स्पॅम’चं बटण दाबतो. म्हणून मराठी पत्र आटोपशीर असावं.

छाटणी

या सेवा पैसे आकारतात ते बहुतेक पत्त्यांच्या संख्येवर, त्यामुळे मेलेल्या पत्त्यांचंही भाडं भरावं लागतं. जो पत्ता अस्तित्वातच नाही म्हणून पत्र परत येतं, तो त्याच दिवशी काढावा. टपालपेटी भरली म्हणून परत आलेल्याला आणखी दोन-तीन संधी द्याव्यात. फौंड्रीवाल्यांना हे जास्त लागू पडतं: समोरच्या कंपनीतला खरेदी अधिकारी नोकरी बदलतो आणि त्याचा पत्ता गतप्राण होतो.

पत्र किती जणांनी उघडलं या आकड्यावर विसंबू नये. सप्टेंबर 2021 पासून अॅपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आली. ती चालू असलेल्या फोनवर पत्रातली चित्रं वाचकाने न बघताही आधीच उतरवली जातात आणि ते ‘उघडलं’ म्हणून मोजलं जातं. क्लिक, उत्तर आणि मागणी हीच खरी खूण. वर्षभर यांतलं काहीच न केलेल्याला एक पत्र धाडावं: ‘पुढे पाठवू का?’ उत्तर नाही आलं तर नाव कमी करावं. यादी रोडावते, पण पोचणारी पत्रं वाढतात.

कायदाही आता याच बाजूने आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कामासाठी आणि समजून दिलेली हवी. ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीतही. चपलेच्या मापासाठी घेतलेला पत्ता भावाच्या लॉजच्या जाहिरातीला वापरता येणार नाही. डेटाची सुरक्षा न राखल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. छोट्या दुकानदाराला एवढा दंड होईल असं नाही, पण गिऱ्हाइकांची वही उघडी टाकणं आता खासगी बाब राहिलेली नाही.

सुरुवात शंभर पत्त्यांनी झाली तरी पुष्कळ आहे. वर्षअखेर हिशेबाच्या वहीत यादीची लांबी लिहिण्याऐवजी एवढंच लिहावं: यातल्या किती जणांनी दुसऱ्यांदा मागवलं. तो आकडा वाढत असेल तर पत्रं चालू ठेवावीत. नसेल, तर पुढच्या पत्रात विक्रीचं काही न लिहिता गिऱ्हाइकालाच विचारावं की काय चुकतंय. जे उत्तर लिहितील, ते पुढच्या वर्षीही गिऱ्हाईक असतील.