मृत्युपत्र विफल होते तेव्हा

मुलाने बापाला खांदा द्यावा, हा जगाचा रिवाज आहे. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक घरांत हा क्रम उलटा झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. मदतीची चर्चा पुष्कळ झाली. परंतु कर्ता मुलगा आधी गेला म्हणजे बापाने त्याच्या नावे केलेल्या मृत्युपत्राचे काय होते, हा प्रश्नही तितकाच जिव्हाळ्याचा आहे.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम १०५ स्पष्ट आहे. ज्याला दान दिले तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीतच वारला, तर ते दान विफल होते व उरलेल्या मालमत्तेत मिसळते; मृत्युपत्रात वेगळा इरादा दिसत असेल तरच ते वाचते. कलम १०९ ने याला एक अपवाद केला आहे. दान मुलाला किंवा अन्य वंशजाला असेल आणि त्याच्या मागे त्याचा एखादा वंशज हयात असेल, तर मुलगा बापापाठोपाठ वारला असे कायदा मानतो. मुलाने स्वतः मृत्युपत्र केले नसल्यास ती मालमत्ता त्याच्या वारसांकडे जाते व त्यांत त्याची विधवाही येते.

समजा, दारव्हा तालुक्यातील एका हिंदू शेतकऱ्याने आपल्या स्वकष्टार्जित जमिनीपैकी पाच एकर कपाशीचे रान धाकट्याला आणि बाकी सर्व थोरल्याला लिहून दिले. धाकटा आधी गेला. त्याला मूल असेल, तर सुनेचा पाय त्या रानात टिकतो. मूल नसेल, तर ते पाच एकरही थोरल्याकडे जातात. कारण पत्नी ही कायद्याच्या अर्थाने वंशज नव्हे.

यातील विसंगती विलक्षण आहे. सासऱ्याने मृत्युपत्रच केले नसते, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मृत मुलाची विधवा म्हणून हीच सून पहिल्या वर्गाची वारस ठरली असती. काळजीपोटी केलेला कागदच तिच्या मुळावर येतो. तिला पोटगी मागता येईल. पण पोटगी म्हणजे मालकी नव्हे. गोंड, कोलाम आदी अनुसूचित जमातींना तर १९५६ चा कायदा केंद्राच्या अधिसूचनेवाचून लागूच होत नाही.

यावरील उपाय एका वाक्याचा आहे. 'मुलगा माझ्याआधी वारल्यास ही जमीन त्याच्या पत्नीस मिळावी', एवढे मृत्युपत्रात घातले की पुरे. ते राहून गेले असेल, तरी शुद्धीवर असेतो बापाला दोन साक्षीदारांसमक्ष नवे मृत्युपत्र करता येते. मृत्युपत्र लिहून देणाऱ्या वकिलांनी व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने हा प्रश्न प्रत्येक वृद्ध शेतकऱ्याला आवर्जून विचारावा. मुलाच्या मृत्यूची कल्पना बापाला असह्य वाटते, हे खरे. परंतु त्या संकोचाची किंमत अखेर सुनेला मोजावी लागते.