हंडी फुटल्यानंतर

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्यात मंडईच्या गर्दीत उभे राहिले, की सगळ्यांच्या नजरा वर लागलेल्या असतात. ‘एक्का’, म्हणजे सर्वात वरच्या थरावरचा गोविंदा, हंडीपर्यंत पोचतो का? हंडी फुटते, जल्लोष होतो आणि बहुतेकांचे पाहणे तिथेच संपते. एक्क्याला मात्र अजून खाली यायचे असते.

चढताना प्रत्येकजण सावध असतो. उतरताना खालच्यांचे पाय थकलेले, खांदे पाण्याने निसरडे आणि लक्ष उडालेले असते. अशा वेळी एक्क्याने अंग सैल सोडले, तर आणखी पंचाईत! तांदळाची गच्च भरलेली पिशवी डोक्यावर तोलता येते. अर्धवट भरलेलीतले तांदूळ मात्र एका बाजूला सरकतात. गुरुत्वमध्य असा सरकत राहिला, की खालच्याला तोल सावरणे जमत नाही.

आता समजा, एक्का २० फुटांवरून, म्हणजे सुमारे ६ मीटरवरून पडला. हवेचा विरोध सोडून दिला, तर १.१ सेकंदात त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर होतो. पण इजा किती होणार, हे त्या वेगाइतकेच तो किती अंतरात थांबतो यावरही ठरते. थांबवणारे सरासरी बल वजनाच्या किती पट, याचे सूत्र सोपे आहे: पडण्याचे अंतर भागिले थांबण्याचे अंतर, अधिक १. सहा सेंटिमीटरमध्ये थांबला तर १०१ पट. साठ सेंटिमीटरमध्ये थांबला तर ११ पट. एक्क्याचे वजन ४५ किलो धरले, तर ११ पट म्हणजे ४९५ किलोचा भार. नऊजणांनी झेलला, तर प्रत्येकी ५५. (भार इतका समान वाटला जात नाही, हे खरेच. म्हणून तर झेलणारे दाटीने उभे राहतात.)

परदेशी महाविद्यालयांतल्या चिअरलीडिंगमध्ये असे खाली येणे रीतसर शिकवतात. वरची मुलगी अंग ताठ ठेवून पाठीवर येते, म्हणजे भार मोठ्या भागावर पसरतो. झेलणारे हात उंचावून तिला लवकर गाठतात आणि गुडघे वाकवत तिच्याबरोबर खाली जातात. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेच हे. हेल्मेटमधला फोम डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर मिळवून देतो. पाठीच्या कण्याला त्याचा उपयोग नाही. सुरक्षादोर बांधला असेल, तर तो ढिला नको. जितकी ढील, तितके पडणे जास्त.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली हंडीला २० फुटांची आणि गोविंदांना १८ वर्षे वयाची मर्यादा घातली होती. २०१७ साली उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट १४ वर आली. म्हणजे आपल्या वर्गातले विद्यार्थी त्यात येतात. त्यांच्यासाठी हा प्रयोग करून पाहावा. दोघांनी जुनी चादर उभी, सैल धरावी. खालची कड उचलून खोळ करावी, नाहीतर अंडे घरंगळून जमिनीवर फुटते. मग कच्चे अंडे चादरीच्या मध्यावर जोरात फेकावे. ते फुटत नाही! चादर ताणून धरली तर काय होईल, याचा अंदाज मात्र विद्यार्थ्यांना आधीच वहीत लिहायला लावावा.