एक्सप्लेनर : शहाबादी फरशीच्या जातीचा खडक, त्यात ‘मुंबई हाय’चे तेल, ५० वर्षांनंतरही ते सगळे का निघत नाही?

सोलापूरजवळच्या पाकणी डेपोत पेट्रोल-डिझेल येते ते मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइनमधून. मुंबईच्या ज्या रिफायनरींत हे इंधन तयार होते, त्यांना काही कच्चे तेल ‘मुंबई हाय’मधून मिळते. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली हे तेल आहे. तिथे तेलाचे तळे नाही. अनारशाच्या जाळीत तूप मुरावे, तसे ते चुनखडीच्या बारीक छिद्रांत मुरलेले आहे.

चुनखडी सोलापूरकरांच्या रोजच्या पायाखालची. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीच. तिच्यावर लिंबू सांडले की डाग पडतो, टॉयलेट क्लीनर सांडला तर फेस येतो, कारण आम्ल कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते. तेलविहिरीत हीच क्रिया मुद्दाम घडवतात. हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून चुनखडीतल्या वाटा मोकळ्या केल्या जातात. फरक इतकाच, की शहाबादी दगड ५० कोटी वर्षांहून जुना आणि इतका घट्ट, की त्यात तेलाला जागाच नाही.

हा खडक तिथे आला कुठून?

सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, मायोसीन कालखंडात, तिथे उबदार आणि उथळ समुद्र होता. सूक्ष्म जीवांची कवचे, शेवाळांचे सांगाडे तळाशी साचत गेले आणि त्यांचा दगड झाला. पुढे पाण्याने तो जागोजागी विरघळला, छिद्रे वाढली. तेल मात्र तिथले नाही. ते आजूबाजूच्या खोलगट भागांतल्या, आणखी जुन्या शेलमध्ये उष्णतेने तयार झाले आणि वर सरकत या उंचवट्यात येऊन अडकले. वर शेलचेच झाकण असल्याने निसटले नाही. गंमत म्हणजे या सगळ्याच्या तळाशी काही भागांत दख्खनचा बेसॉल्ट आहे. सोलापुरात बोअर मारताना लागतो तोच काळा पाषाण!

खडू आणि चुनखडी एकच का?

रसायन एकच, स्वभाव वेगळा. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या ‘एकोफिस्क’ क्षेत्रात (शोध १९६९) तेल खऱ्याखुऱ्या खडूच्या थरात आहे. तेल उपसले तसा मऊ खडू दबला आणि समुद्रतळ खचला. अखेर १९८७ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म जॅक लावून सहा मीटर उचलावे लागले.

मुंबई हायची डोकेदुखी निराळी. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने इथे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘एल-३’ हा मुख्य साठा एकसंध नाही. चुनखडीच्या थरांमध्ये शेलचे पातळ पापुद्रे आहेत आणि छिद्रांचे जाळे कुठे मोकळे, कुठे आवळलेले. दाब टिकवण्यासाठी १९८० च्या दशकात खडकात पाणी सोडायला सुरुवात झाली. पण पाणी सोपी वाट पकडते. मोकळ्या भागातून ते थेट उत्पादन विहिरीत पोहोचते, घट्ट भागातले तेल जागेवरच राहते. असे तेल मिळवायचे तर ते नेमके कुठे अडकले आहे ते शोधून नव्या, आडव्या विहिरी खोदाव्या लागतात. काम खर्चिक आहे.

१९८५ मध्ये रोज ४ लाख ७१ हजार बॅरलवर गेलेले उत्पादन २०२४ पर्यंत सुमारे १ लाख ३४ हजारांवर आले. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होत असताना ही घट परवडणारी नाही. त्यामुळेच ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या ‘बीपी’ कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून निवडले. करार १० वर्षांचा असून, या काळात तेलाचे उत्पादन सुमारे ४४ टक्क्यांनी वाढवता येईल, असा कंपनीचा अंदाज आहे.