सिस्टर नोकरी सोडायची का म्हणते?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी गटातून कर्ज काढलं, ते अजून फिटलं नाही, अन् ती म्हणते नोकरी सोडते. काय करू?" लगेच दोघी-तिघी बोलल्या, आजकालच्या पोरींना कष्ट नकोत. आम्हाला ते काही पटलं नाही. म्हणून आम्ही त्या मुलीशी आणि आणखी दोघी सिस्टरशी बोललो.

आधी पगाराचा विषय निघाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं, की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला महिना 20 हजारांच्या खाली पगार नसावा. या मुलीला त्याच्या जेमतेम निम्मा मिळतो.

पण तिचं दुखणं वेगळंच निघालं. साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. ही मात्र रात्रपाळीला तीस खाटांना एकटी. एकाची सलाईन लावावी तोवर दुसऱ्याची संपलेली. "दमण्याचं काही नाही हो मावशी," ती म्हणाली, "पण घरी आल्यावर आठवतं, त्या आजींची कूस बदलायची राहिली." मन लावून शिकलेलं काम रोज अर्धवट सोडून यावं लागलं, तर त्यात जीव कसा रमायचा?

दुसरी गोष्ट भीतीची. 6 नोव्हेंबर 2021 ला आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी 11 रुग्ण दगावले. त्या घरांचं दुःख आपण विसरलेलो नाही. त्यानंतर एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली, तेव्हा परिचारिका रस्त्यावर उतरल्या. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवेल. पण "उद्या काही झालं तर आधी आपल्यालाच धरतील" हे जिल्ह्यातल्या सिस्टरांच्या मनात तेव्हापासून बसलंय. कंत्राटी भरतीची धास्ती आहेच. त्यावरून मे 2022 मध्ये राज्यभर संप झाला होता.

तिघींपैकी एक मात्र खूश आहे. पगार फार नाही, पण ड्युटीचा तक्ता आठवडाभर आधी लागतो आणि नातेवाईक अंगावर आले तर मोठ्या सिस्टर पुढे येऊन उभ्या राहतात. नातेवाईक म्हणजे कोण, तर आपणच! एका रुग्णामागे दहाजण जातो अन् "ए सिस्टर" म्हणून ओरडतो.

गटाने त्या ताईंचा हप्ता सहा महिने कमी केलाय. मुलगी सध्या नोकरीवर आहे आणि सरकारी भरतीचा अभ्यास करतेय. रात्रपाळीहून आली की तिला दुपारपर्यंत झोपू द्यायचं, हे तिच्या आजीने आपणहून कबूल केलं.