दारोदारचा प्रचार आणि कचेरीतला प्रचार : स्कॉटलंड २०१४

आता आपण १८ सप्टेंबर २०१४कडे येऊ. स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का, एवढाच प्रश्न. दोन्ही बाजूंना मध्यवर्ती कचेऱ्या होत्या: ‘यस स्कॉटलंड’ आणि ‘बेटर टुगेदर’. पण ‘होय’वाल्यांची गंमत अशी, की त्यांचं बरंच काम कचेरीला विचारून होतच नव्हतं. स्त्रियांचे, कलाकारांचे, डाव्या कार्यकर्त्यांचे गट आपापले उभे राहिले. गरीब वस्त्यांत दारोदार फिरून, कधी मत न दिलेल्यांची नावं त्यांनी मतदारयादीत घातली.

‘नाही’वाले मात्र मोजकंच बोलले, पुन्हा पुन्हा बोलले. पाउंडचं काय? चलनात भागीदारी मिळणार नाही, असं लंडनच्या तिन्ही मोठ्या पक्षांनी फेब्रुवारीतच सांगून टाकलं. याचं उत्तर गल्लीतला गट कुठून देणार? ते वरूनच यायला हवं होतं, आणि जे आलं ते पुरेसं पटलं नाही, असं आपल्याला वाटतं.

मतदान ८४.६ टक्के. ‘नाही’ ५५.३, ‘होय’ ४४.७. ग्लासगो ‘होय’ने जिंकलं, पण मतदान तिथंच सर्वांत कमी, ७५ टक्के! अर्थात २०११च्या स्कॉटिश संसदेच्या निवडणुकीत सबंध स्कॉटलंडात जेमतेम निम्मे लोक मताला आले होते.